कार्मार्दनचे ओकझाड आणि ग्वाल्हेरच्या तोफा

दरवर्षी लोकसाहित्याच्या तासाला कोणीतरी विद्यार्थी हात वर करून विचारतो, "पण सर, हे खरंच घडलं होतं का?" आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो, एकाच घरात राहतो, आणि या प्रश्नाला आम्हां दोघांचेही उत्तर बरीच वर्षे एकच होते: दंतकथेला खरेखोटेपणाची कसोटी लावू नये, ती ज्या समाजात सांगितली जाते त्या समाजाच्या मनाचे सत्य ती सांगते. उत्तर वाईट नव्हते. ते अभ्यासक्रमाला धरून होते, परीक्षेत त्याला गुण मिळत, आणि प्रश्न विचारणाराही बहुधा समाधान पावून खाली बसे. वेल्समधल्या एका लहान गावात आम्ही एक दिवस काढला आणि त्यानंतर मात्र हे उत्तर पूर्वीच्या सहजतेने आमच्या तोंडून निघेना. त्या दिवसाची आणि त्यानंतरच्या काही महिन्यांची ही हकिकत.

गावाचे नाव कार्मार्दन. दोन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भाचीकडे कार्डिफला गेलो होतो. तिने किल्ले आणि समुद्रकिनारे यांची एक यादीच करून ठेवली होती. त्या यादीत हे गाव नव्हते. ते आम्ही हट्टाने घातले, कारण मर्लिनचे गाव म्हणून त्याची ख्याती. आर्थर राजाचा सल्लागार, भविष्यवेत्ता, जादूगार मर्लिन. इंग्रजी साहित्याशी ज्याचा पुसटसा परिचय आहे त्यालाही हे नाव ठाऊक असते. आगगाडी स्टेशनात शिरली तेव्हा फलाटावरच्या पाटीवर गावाचे नाव आधी वेल्शमध्ये आणि मग इंग्रजीत लिहिलेले दिसले. वेल्श नावाचा उच्चार भाचीने करून दाखवला: कायरवर्दिन. त्यातला 'कायर' म्हणजे किल्ला, आणि 'वर्दिन' म्हणजे मूळचा 'मर्दिन', अर्थात मर्लिन. "म्हणजे कायर आणि मर्द एकाच नावात," असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि दुसऱ्याने नेहमीप्रमाणे ते ऐकले नाही असे दाखवले.

'मर्दिन'चा 'वर्दिन' का झाला, हे सांगायला हवे. वेल्श भाषेत काही शब्दांच्या मागोमाग येणाऱ्या शब्दाचे आद्य व्यंजन मऊ होते. पदान्ताला जे संधिनियम आपल्याला संस्कृतात भेटतात, तसे काहीसे तिथे शब्दारंभी घडते. 'कायर' हे नाम स्त्रीलिंगी असल्याने त्यामागच्या 'म'चा 'व' झाला. एवढे कळल्यावर 'मर्दिनचा किल्ला' हा अर्थ सरळ वाटतो. गावातही तो सरळच सांगितला जातो. गोम अशी की तो बहुधा चुकीचा आहे.

इसवी सनाच्या सुमारे ७५व्या वर्षी रोमनांनी या जागी लष्करी ठाणे उभारले. पुढे त्याच्या शेजारी नगर वसले आणि ते त्या भागातल्या डेमेटी नावाच्या जमातीचे मुख्य ठिकाण झाले. रोमन काळातले त्याचे नाव मोरिदुनुम. हे नाव रोमनांनी लॅटिन रूपात लिहिले असले तरी शब्द मूळचे स्थानिक ब्रिटन लोकांच्या केल्टिक भाषेतले: 'मोरि' म्हणजे समुद्र, 'दुनोन' म्हणजे दुर्ग. आजचा समुद्र गावापासून काही मैल दूर आहे, पण भरतीचे पाणी तवी नदीतून गावापर्यंत चढते. आता या नावाचे मराठी भाषांतर करायचे झाले, तर ते अगदी तयार आहे: सिंधुदुर्ग. हा शब्द सुचला तेव्हा आम्ही नदीवरच्या पादचारी पुलावर उभे होतो, आणि परक्या मुलखात अचानक कोणी ओळखीचे भेटावे तसा आनंद आम्हांला झाला.

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता गेली. ब्रिटन लोकांची भाषा बदलत बदलत तिची वेल्श झाली. शब्दांची टोके झिजली, स्वर आखडले, आणि 'मोरिदुनोन'चे 'मर्दिन' झाले. या झिजण्यात अर्थ हरवला. 'मर्दिन' या शब्दात समुद्रही आहे आणि दुर्गही आहे, हे कोणाच्या लक्षात राहिले नाही. मग नावाच्या आधी किल्लेवाचक 'कायर' पुन्हा जोडला गेला. आपण 'सिंधुदुर्ग किल्ला' म्हणतो, तेव्हा एकाच नावात दोन किल्ले बसवतो, तसेच हे. फरक इतकाच की आपल्याला 'दुर्ग' अजून कळतो. तिथल्या लोकांना 'किल्ला अमुक' एवढेच ऐकू येऊ लागले, आणि किल्ला म्हटला की तो कोणाचा, हा प्रश्न ओघाने आला. किल्ला मर्दिनचा, तर मर्दिन नावाचा कोणी थोर पुरुष असलाच पाहिजे!

स्थलनामांवरून इतिहास वाचण्याचा नाद मराठीच्या अभ्यासकाला राजवाड्यांनी लावून ठेवला आहे, आणि अशा प्रकाराला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. पण एका लोकव्युत्पत्तीने अख्खा माणूस जन्माला घातल्याचे इतके ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही. सहाव्या शतकात ब्रिटनच्या उत्तर भागात झालेल्या एका लढाईनंतर वेडा होऊन अरण्यात राहू लागलेल्या एका द्रष्ट्याची कथा आधीपासून प्रचारात होती. अभ्यासकांचा कौल असा की हा वनवासी वेडा दक्षिणेकडे सरकत आला आणि या गावाच्या नावात त्याला नाव मिळाले. नाव आधी, माणूस मागून.

त्या माणसाला साऱ्या युरोपात नेले ते जेफ्री ऑफ मॉनमथ या धर्मगुरूने. सुमारे ११३६ साली त्याने ब्रिटनच्या राजांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. त्यात व्हॉर्टिगर्न राजाचा बुरूज बांधावा तितक्या वेळा कोसळतो. बाप नसलेल्या मुलाचे रक्त पायात शिंपडावे, असे राजाचे ज्ञानी लोक सांगतात. असा मुलगा शोधत निघालेल्या दूतांना, पुढे ज्याला कार्मार्दन म्हटले गेले त्या नगराच्या वेशीपाशी दोन पोरे भांडताना दिसतात. त्यांतला एक दुसऱ्याला हिणवतो की तुझ्या बापाचा पत्ता नाही. तो हिणवला गेलेला मुलगा म्हणजे मर्लिन. राजापुढे उभा राहून तो सांगतो की बुरुजाखाली तळे आहे आणि तळ्यात दोन ड्रॅगन झोपले आहेत, एक लाल आणि एक पांढरा. लाल म्हणजे ब्रिटन, पांढरा म्हणजे सॅक्सन. पायाभरणीसाठी बळी, आणि बळी जाणाऱ्यानेच सांगितलेले सत्य: ही कथा वाचताना मराठी वाचकाला परके असे काही वाटत नाही.

जेफ्रीने 'मर्दिन'चा 'मर्लिन' का केला, याविषयी गास्ताँ पारिस या फ्रेंच पंडिताचा एक तर्क प्रसिद्ध आहे. 'मर्दिनुस' असे लॅटिन रूप केले असते, तर जेफ्रीच्या फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन वाचकांना त्यात विष्ठावाचक शब्द ऐकू आला असता, म्हणून 'द'चा 'ल' झाला. तर्कच आहे, पण हसवतो. एका महापुरुषाचे नाव एका विसरण्यातून उगवले आणि दुसऱ्या संकोचातून सुधारले गेले.

असो. आम्ही गाव पाहायला निघालो. पूर्वेकडच्या प्रायरी स्ट्रीटवर रोमन रंगमंडल आहे. १९३६ साली ते ओळखले गेले, १९६८ साली तिथे उत्खनन झाले. आज तिथे हिरवळीने झाकलेला एक खोलगट वर्तुळाकार भाग आणि त्याच्या चढणी एवढेच दिसते. एक गृहस्थ कुत्र्याला फिरवत होते. प्रवेशिका नाही, गर्दी नाही. गावाचा जो सर्वांत सज्जड पुरावा, तो पाहायला त्या दुपारी आमच्याखेरीज कोणी नव्हते.

त्याच रस्त्यावर पूर्वी मर्लिनचा ओक उभा होता. हे झाड पडेल त्या दिवशी गावही पडेल, असे मर्लिनने सांगून ठेवल्याची समजूत. झाड सतराव्या शतकात लावले असावे, असे सांगतात; म्हणजे खुद्द जेफ्रीच्याही नंतर पाचशे वर्षांनी. एकोणिसाव्या शतकात ते वठले. झाडाखाली जमणाऱ्या टोळक्यांना वैतागून कोणीतरी त्याला विष घातले, अशी बोलवा आहे. पण मेलेले झाडही गावाने पडू दिले नाही. लोखंडी कठड्याने आणि काँक्रीटने आधार देऊन ते खोड रस्त्याच्या मधोमध उभे ठेवले गेले, आणि वाहने त्याला वळसा घालून जात राहिली. अखेर १९७८ साली उरलेला बुंधा हलवला. त्याचा एक तुकडा गावातल्या सभागृहात आहे, आणि एक फांदी जवळच्या अबरग्विली गावातल्या जिल्हा संग्रहालयात. १९८७ साली ऑक्टोबरात तवीला मोठा पूर येऊन गावात पाणी शिरले, तेव्हा जुन्या माणसांनी 'तरी मर्लिन सांगत होता' असे म्हटले म्हणतात. भाकीत असे वाया जात नाही. ते नऊ वर्षेदेखील थांबते.

अबरग्विलीच्या संग्रहालयात ती फांदी आम्ही पाहिली. ओळख सांगणारी पाटी नसती तर जळणाचे लाकूड समजून पुढे गेलो असतो. संग्रहालयाची इमारत मात्र थांबायला लावणारी. हा पूर्वी बिशपचा वाडा होता. इथेच विल्यम सॉल्सबरी आणि बिशप रिचर्ड डेव्हिस यांनी 'नव्या करारा'च्या वेल्श भाषांतराचे काम केले, ते १५६७ साली छापले गेले. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. कचेऱ्यांतून हद्दपार झालेल्या भाषेला निदान देवळात जागा मिळाली, आणि ती टिकली ती त्या जागेच्या बळावर, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

भाषेच्या या कथेत कार्मार्दनचे स्थान मोठे आहे. तिथल्या मठात १२५०च्या सुमारास एका लेखनिकाने 'कार्मार्दनचे काळे पुस्तक' लिहून काढले. संपूर्ण वेल्श भाषेत असलेल्या उपलब्ध हस्तलिखितांत हे सर्वांत जुन्यांपैकी. त्यात मर्दिन आणि तालिएसिन या कवीचा संवाद आहे. अरण्यात सफरचंदाच्या झाडाशी आणि डुकराच्या पिलाशी बोलणाऱ्या वेड्या द्रष्ट्याच्या कविता आहेत. सध्या ते अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. २०१५ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अतिनील प्रकाशात त्याची पाने तपासली, तेव्हा समासांत पुसून टाकलेले चेहरे आणि ओळी दिसू लागल्या. नंतरच्या काळातल्या एका मालकाने पुस्तक 'स्वच्छ' करताना आधीच्या वाचकांच्या खुणा खरवडून काढल्या असाव्यात. पोथ्यांच्या समासांशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे त्यांना ही बातमी हसू आणि हळहळ दोन्ही देऊन जाते.

तिसऱ्या प्रहरी गावात परतलो. बाजारात दोन वृद्ध बायका भाजी निवडता निवडता वेल्शमध्ये बोलत होत्या. आम्हांला एक अक्षर कळत नव्हते तरी आम्ही उगाच रेंगाळलो. "मामी, इथेही तास घेणार का तुम्ही दोघं?" भाची म्हणाली. तिला कसे सांगावे, की आमच्या विभागात यंदा किती मुले येतील याची चिंता आम्ही बरोबर घेऊन आलो होतो! २०११च्या जनगणनेत कार्मार्दनशायर जिल्ह्यात वेल्श बोलता येणारे ४३.९ टक्के होते. २०२१मध्ये ते ३९.९ टक्के झाले. १९६६च्या जुलैत याच मतदारसंघातून ग्विनव्होर एव्हान्स निवडून आले आणि वेल्श राष्ट्रीय पक्षाचा पहिला प्रतिनिधी वेस्टमिन्स्टरला गेला. याच गृहस्थांनी १९८० साली वेल्श दूरचित्रवाहिनीसाठी आमरण उपोषणाचा इशारा दिला. १९८२मध्ये वाहिनी सुरू झाली, आणि २०१८पासून तिचे मुख्यालय कार्मार्दनलाच आहे. इतके होऊनही आकडा उतरतोच आहे.

आयव्ही बुश नावाच्या हॉटेलावरून आम्ही गेलो तेव्हा तिथे थांबलोच. वेल्श काव्याचा उत्सव, आयस्टेडव्हॉड, १८१९ साली इथे भरला होता. त्या वेळी वृद्ध योलो मॉर्गानुग यांनी खिशातून खडे काढून हॉटेलच्या बागेत त्यांचे रिंगण मांडले आणि कवींच्या 'गोर्सेद' या मंडळाचा विधी उत्सवाला जोडून दिला. प्राचीन ड्रुइडांपासून अखंड चालत आलेली परंपरा, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात ती त्यांनीच रचलेली होती. हा बहाद्दर गवंडी अफाट विद्वान होता, तितकाच अफाट कूटलेखक. स्वतःच्या कविता चौदाव्या शतकातल्या थोर कवीच्या नावावर खपवण्याइतका. हे बिंग १९२६ साली जी. जे. विल्यम्स यांनी फोडले. हे कार्डिफला वेल्श भाषाच शिकवणारे, त्या भाषेसाठी झटणारे अध्यापक. बिंग फुटले, आणि गोर्सेद मात्र आजही दरवर्षी भरतेच. आमच्या ठरलेल्या उत्तराला हा मोठाच आधार वाटला. पाहा, खरेखोटे ठरल्याने कथेचे काही बिघडत नाही!

अशा प्रसन्न मनःस्थितीत आम्ही गावाच्या मध्यावरच्या नॉट चौकात आलो. मधोमध चौथऱ्यावर एका लष्करी अधिकाऱ्याचा ब्राँझचा पुतळा आहे. चौथऱ्यावरचे नाव वाचले, कोणी जनरल असावा असे म्हटले, आणि पुतळ्याजवळच बसून डबा उघडला. भाचीने पोळीभाजी आणली होती. अर्धा तास आम्ही तिथे होतो. बोलणे सारे मर्लिनचे.

घरी परतल्यावर छायाचित्रे लावताना त्या पुतळ्याचे एक निघाले, आणि त्याच्या पायाशी डबा खात बसलेलो आम्ही. खाली काय लिहावे म्हणून तो कोण हे शोधले. जनरल सर विल्यम नॉट. जन्म १७८२. नॉट बारा वर्षांचे असताना वडील कार्मार्दनला आले आणि आयव्ही बुश चालवू लागले. म्हणजे योलोंचे खडे पुढे पडले ते याच घराच्या बागेत. नॉट ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यात गेले, पहिल्या अफगाण युद्धात कंदाहारला सेनापती होते, आणि १८४५च्या १ जानेवारीला कार्मार्दनला वारले. पुतळा १८५१चा. आणि मग ब्रिटनमधल्या सार्वजनिक पुतळ्यांच्या नोंदींत पुढले वाक्य भेटले: हा पुतळा महाराजपूरच्या लढाईत पकडलेल्या तोफांच्या धातूतून ओतलेला आहे.

महाराजपूर! २९ डिसेंबर १८४३. जनकोजीराव शिंदे त्याच वर्षी निपुत्रिक वारले होते; अल्पवयीन विधवा ताराबाई, दत्तक घेतलेले लहानगे जयाजीराव, आणि दरबारातला बेबनाव. गव्हर्नर जनरल एलनबरो सैन्यासह ग्वाल्हेरवर चालून आला, ह्यू गफ सेनापती. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत, तोफांपाशीच ते मेले, ही साक्ष त्यांच्याशी लढणाऱ्यांचीच. त्याच दिवशी पनियार येथेही लढाई झाली. महादजींच्या काळापासून नावाजलेला तो तोफखाना कंपनीच्या हाती पडला. त्यातल्या काही तोफांच्या धातूची लढाईत भाग घेतलेल्यांसाठी पदके झाली, आणि काही समुद्रापार जाऊन वितळल्या व त्यांचा नॉट झाला. या लढाईशी नॉट यांचा स्वतःचा काही संबंधही नव्हता.

म्हणजे मर्लिनच्या गावात मराठी बोलणारे आम्ही दोघे, मराठी तोफांच्या सावलीत बसून, मराठीतून, अर्धा तास एका न झालेल्या माणसाविषयी बोलत होतो. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांशी फारसे बोललो नाही.

नॉट यांची हकिकत इथे संपत नाही. १८४२ साली कंदाहारहून काबूलकडे जाताना त्यांनी एलनबरोच्या आज्ञेवरून गझनीच्या महमूदाच्या कबरीचे लाकडी दरवाजे उचलून आणले. महमूदाने सोमनाथाहून नेलेले ते हे दरवाजे, अशी आख्यायिका. एलनबरोने हिंदुस्थानच्या राजेरजवाड्यांना उद्देशून जाहीरनामाच काढला की आठशे वर्षांच्या अपमानाचा सूड घेतला गेला आहे. दरवाज्यांची मिरवणूक निघाली. पुढच्या वर्षी मेकॉलेने ब्रिटिश संसदेत या प्रकरणावर झोड उठवली. पुढे तपासात लाकूड देवदाराचे निघाले आणि कोरीवकाम गुजरातेतले नव्हे असे ठरले. दरवाजे सोमनाथाला कधी पोचले नाहीत; ते आग्र्याच्या किल्ल्यात पडून आहेत. जाहीरनाम्यानंतर जेमतेम वर्षभराने तोच एलनबरो ग्वाल्हेरच्या वेशीवर उभा होता. ज्यांचा अपमान धुऊन काढल्याचे त्याने जाहीर केले, त्यांच्यातल्याच एकाच्या तोफा घ्यायला.

आता आमच्यापुढे दोन लाकडे होती: कार्मार्दनचा ओक आणि गझनीचा देवदार. दोन्ही दंतकथेने मोठी केलेली. 'समाजमनाचे सत्य' हे आमचे उत्तर ओकाला ठीक लागू पडते. देवदाराला ते लावू गेलो, तर एका गव्हर्नर जनरलचा जाहीरनामा आम्हांला समाजमन म्हणून शिकवावा लागेल. ओकाची कथा गावाने स्वतःला सांगितली. ती खोटी ठरली तेव्हा गावाने रस्ता सरळ करून घेतला आणि फांदी संग्रहालयात ठेवली. दरवाज्यांची कथा वरून खाली सांगितली गेली, दुसऱ्यांच्या वतीने, दुसऱ्यांच्या दुखण्यावर बोट ठेवून. ती खरी आहे का, हे विचारणे तिथे औचित्यभंग नव्हते. ते पहिले कर्तव्य होते.

आणि तोफा? त्यांच्याविषयी तर कोणतीच कथा नाही. त्या खऱ्या आहेत, एवढेच. ओक पडला तर गाव पडेल, हे त्या गावात लहान पोराला ठाऊक आहे. आपल्या चौकातला जनरल कोणाच्या तोफांचा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? तिथल्यांना दोष कशाला द्यावा? आम्हांलाही ठाऊक नव्हते. दंतकथा पुराव्यावाचून हजार वर्षे जगते आणि वस्तुस्थिती ब्राँझमध्ये ओतूनही विसरली जाते, हे पुस्तकात वाचले असते तर आम्ही खूण करून पुढे गेलो असतो. इथे आमच्या छायाचित्रात आमचेच डबे दिसत होते.

तरीही दंतकथेला शत्रू मानावे, असे आम्हांला वाटत नाही. 'मर्दिन' या शब्दाकडे पुन्हा पाहावे. लोकांचा अर्थ चुकला, पण त्या चुकीनेच नाव जपले. मर्लिनवर लोभ जडला म्हणून 'मर्दिन' टिकला, आणि 'मर्दिन' टिकला म्हणून त्याच्या पोटातला 'मोरिदुनोन' भाषाशास्त्रज्ञांना सापडला. समुद्र आणि दुर्ग दोन्ही अजून त्या पाटीवर आहेत. कथा साक्षीदार म्हणून कच्ची असेल, पेटी म्हणून ती पक्की आहे. मात्र पेटी उघडून पाहायला कोणीतरी लागतो. योलोंचे बिंग फोडणारा त्यांच्या भाषेवर प्रेम करणाराच होता, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी आयव्ही बुशच्या दारात उलटी वाचली होती. कथेला सत्याची गरज नाही, हे त्यावरून सिद्ध होत नव्हते. सत्य सांगितल्याने खरी परंपरा मरत नाही, म्हणून ते न भिता सांगावे, हे सिद्ध होत होते.

गेल्या जूनमध्ये महाविद्यालय सुरू झाले. लोकसाहित्याचा तिसरा की चौथा तास असेल, मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, पण हे खरं आहे का?" या वेळी ठरलेले उत्तर दिले नाही. तिला उभेच ठेवले आणि विचारले, "तुझ्या गावाचे नाव काय? ते कशावरून पडले असे सांगतात?" तिने एका ऋषींची कथा सांगितली. साऱ्या वर्गालाच मग काम दिले: वहीच्या पानाचे दोन भाग करायचे, डावीकडे गावाच्या नावाची ऐकलेली कथा, सांगणाऱ्याच्या शब्दांत, आणि ती कोणी सांगितली तेही, उजवीकडे दप्तरात, शिलालेखात, जुन्या नकाशात जे काही सापडेल ते.

महिन्याने वह्या आल्या. डावीकडचे रकाने भरून वाहत होते. काहींनी समासातही लिहिले होते. उजवीकडचे बहुतेक कोरे. त्या मुलीचा मात्र कोरा नव्हता. तिने गावच्या वेशीजवळ अर्ध्या पुरलेल्या एका गंजक्या तोफेचे चित्र काढले होते आणि खाली लिहिले होते: 'ही कोणाची, ते कोणालाच माहीत नाही. विचारत आहे.'

तिला आम्ही पूर्ण गुण दिले.